गोंधळाचा रकाना

बाईंना काहीही विचारलं तरी त्या आधी खिडकीबाहेर बघत. "बाई, चहा टाकू?" खिडकी. "बाई, उद्या जरा उशिरा येऊ का?" खिडकी. "बाई, माझ्या अर्जावर तुमची सही हवी होती," यावरही खिडकी. बाहेर एक फणस, ग्रंथालयाचं कौलारू छप्पर आणि त्यावर पडलेलं ऊन, एवढंच असे. ते ऊन नीट न्याहाळून झालं की बाई माझ्याकडे वळत आणि म्हणत, "तू काय विचारलंस गो?" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, यांना मी आवडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी विचार करणंच सोडून दिलं.

कॉलेजातली मुलं त्यांना ऊनबाई म्हणत. हे नाव त्यांना माहीत होतं. "नावात निदान उजेड आहे," म्हणायच्या. रत्नागिरीत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीला दीडेक वर्ष उरलेलं असताना त्यांना एक संशोधनाचा प्रकल्प मिळाला. त्या प्रकल्पाबरोबर साहाय्यक म्हणून मीही मिळाले. प्रकल्प त्यांनी मागितला होता. मला बहुधा कोणी मागितलं नव्हतं. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घराची पावसाळी बाजू कुठली?" मी म्हटलं, पश्चिमेची. "किती काळी पडते?" मी हात खांद्याशी नेऊन दाखवला, इथवर. "ये सोमवारपासून," बाई म्हणाल्या. माझं गुणपत्रक, शिफारसपत्र सगळं पिशवीतच राहिलं. नोकरी लागली की नाही, या गोंधळातच मी देवरूखची गाडी पकडली.

बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. आधीच्या वर्षीची एक विद्यार्थिनी सावर्डे होती, दुसऱ्या वर्षाला एक हर्णे होता, आणि मी देवरूख. "देवरूख, तो चंबू आण गो." "देवरूख जेवलीस काय?" व्हरांड्यात अशी हाक आली की लोक वळून बघत. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, माझं नाव..." "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या, आणि जे नाव सांगितलं ते तिसऱ्याच कोणाचं तरी होतं. प्रयोगशाळेतल्या वनिताताईंना मात्र त्या नावाने हाक मारत. का, ते मला कधी कळलं नाही.

वनिताताई आमच्या मदतनीस. नवरा मुंबईला, सासू-सासरे आणि भाताची दोन खाचरं आतल्या गावात. सकाळच्या पहिल्या गाडीने यायच्या आणि आल्या आल्या हातात काथ्या घ्यायच्या. नारळाच्या काथ्याची ती घट्ट वळलेली मूठ त्यांच्या हातातून सुटलेली मी क्वचितच पाहिली. चंबू, ओटा, बेसिन, खिडक्यांचे गज, जे समोर येईल ते त्या घासत. बाई वर्गातून येईपर्यंत प्रयोगशाळा अशी लखलखीत असे की कालचा अर्धवट ठेवलेला प्रयोग कुठे गेला ते शोधावं लागे.

आमचं काम काय होतं, ते जांभ्या चिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला लगेच कळेल. चिरा खाणीतून येतो तेव्हा लालबुंद असतो. दोन-चार पावसाळे खाल्ले की भिंत शेवाळते, मग काळी पडते, आणि मग दर गणपतीच्या आधी खरवडा, घासा, रंग द्या. बाईंना भिंतीसाठी एक लेप करायचा होता. पारदर्शक, चिऱ्याचा रंग न झाकणारा, आणि स्वतःची सफाई स्वतःच करणारा. त्यात एक भाग काचेच्या जातीचा, एक भाग प्लॅस्टिकच्या जातीचा, आणि दोन्हींत मिसळलेले एका खनिजाचे अतिबारीक कण. उजेड पडला की हे कण जागे होतात आणि वर बसलेल्या मळाचा, शेवाळाचा फडशा पाडतात. उरलंसुरलं पाऊस धुऊन नेतो. "ऊन चावतं आणि पाऊस चूळ भरतो," असं बाई वर्गात सांगत. मुलं हसत, आणि परीक्षेत नेमकं तेच वाक्य लिहून येत.

हे ऐकायला सोपं. पण या कणांना मळ कुठला आणि लेप कुठला हे समजत नाही. भूक लागली की ते लेपातला प्लॅस्टिकच्या जातीचा भागच कुरतडू लागतात, आणि दोन महिन्यांत लेप पिठासारखा हाताला येतो. बाई म्हणत, "मांजर पाळायचंय गो. त्याने उंदीर खायचे, पण ओट्यावरच्या दुधाला तोंड लावायचं नाही. एवढंच शिकवायचं आहे त्याला." मी म्हटलं, बाई, असं मांजर जगात कुठे असतं का? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बघू या," म्हणाल्या.

त्यात आणखी एक अडचण, आणि तीच बाईंची खरी ओढ होती. जगभर असे लेप होतात, ते भरपूर ऊन असलेल्या जागी. आमच्याकडे शेवाळ धरतं तेच मुळी ऊन नसताना. जून ते सप्टेंबर आभाळ डोक्यावर टेकलेलं. तेव्हा लेप झोपणार आणि शेवाळ जागं राहणार. बाईंना ढगातून गाळून येणाऱ्या मिणमिणत्या उजेडालाही जागा होणारा लेप हवा होता. "भर उन्हात कोणीही काम करील," त्या म्हणायच्या. "माझ्या लेपाने आषाढात उठलं पाहिजे." हे बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला भीती वाटायची, इतकं मनापासून कोणाला काही हवं असलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमचं कसं चालायचं तेही सांगते. लेपाची कृती पुस्तकात दिलेली, आणि पुस्तक कोरड्या हवेत लिहिलेलं. त्यात म्हटलेलं, ढवळत राहा आणि थेंबथेंब पाणी घाला. मी थेंबथेंब पाणी घातलं की अर्ध्या तासात चंबूत खरवसासारखा गोळा. पुन्हा केलं, पुन्हा खरवस. मी रडकुंडीला आले. बाईंनी चंबू उजेडात धरला, हलवला, आणि म्हणाल्या, "तू पाणी घालूच नकोस. झाकण काढून ठेव. रत्नागिरीची हवा घालील काय घालायचं ते." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण झाकण काढून ठेवलं, आणि लेप जमला. का जमला ते नीट कळलं नाही, कारण पुढच्याच आठवड्यात तसंच केलं तर नाही जमला.

असं झालं की बाई वही उघडायला सांगत. आमच्या वहीत पाच रकाने होते. तारीख, ऊन, पाऊस, शेवाळ, आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद रकाना, त्याचं नाव गोंधळ. जे समजलं नाही ते तिथे लिहायचं. मला याची लाज वाटायची. लोकांच्या वह्यांत निष्कर्ष असतात, आमच्या वहीत पानंच्या पानं गोंधळ. "लेप आज दुधट. का?" "लेप आज दुधट नाही. का?" एकदा मी उत्साहाने त्या रकान्यात एक कारण लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि शांतपणे खोडलं. "हे तुला समजलंय की तुला समजल्यासारखं वाटतंय?" मी पेन खाली ठेवलं. "मग असू दे गोंधळच. त्याला कसली घाई आहे?"

बाईंचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, आणि त्या आळीतलं सगळ्यांत काळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नाशिकला. शेजारीपाजारी थट्टा करत, अहो बाई, तुम्ही भिंती स्वच्छ ठेवायचं औषध शोधताय ना, मग आधी घरच्या भिंतीला पाजा. बाई त्यांनाही हसून उत्तर देत, "माझं घर कंट्रोल आहे हो." कंट्रोल म्हणजे प्रयोगातला लेप न लावलेला कोरा तुकडा, ज्याच्याशी लेपवाल्याची तुलना करायची. कोरा तुकडा काळा पडल्याशिवाय लेप लागू पडला हे कशावरून ठरवणार? शेजाऱ्यांना यातलं काही कळत नसे आणि ते आणखी हसत. वनिताताईंना मात्र हसू येत नसे. "अवो बाय, घर असा कसा ठेवायचा? मी रविवारी येतंय, घासून देतंय," त्या म्हणत. बाई हात जोडत. "हात लावू नकोस गं बाई."

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला जड जातं, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

मिरगाच्या पावसाआधी आम्ही कॉलेजच्या गच्चीवर चाळीस तुकडे मांडले. ताटाएवढे कापलेले चिरे, लोखंडी घोड्यावर तिरपे ठेवलेले, पाठीवर नंबर. वीस लेपवाले, वीस कोरे. गच्चीच्या दारावर बाईंनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली, "प्रयोग चालू आहे. हात लावू नये." गणपतीनंतरच्या आठवड्यात प्रकल्पाला आधार देणाऱ्या रंगाच्या कंपनीची समिती येणार होती. ते हे तुकडे बघणार आणि प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवणार. बाईंना दुसरा पावसाळा मिळणार नव्हता, मुदत वाढली तरच निवृत्तीनंतरही काम करता आलं असतं. आणि माझी पीएच.डी.ची नोंदणी त्याच मुदतीवर टांगलेली. तेव्हा त्या चाळीस दगडांवर आम्हा दोघींचं सगळं होतं.

आम्ही रोज छत्र्या घेऊन गच्चीवर जायचो. श्रावणात कोऱ्या तुकड्यांवर हिरवट झाक आली. लेपवाल्यांवरही आली. पण जरा कमी होती. की आम्हाला कमी वाटत होती? सकाळी वाटायचं कमी आहे, दुपारी ढग बदलले की वाटायचं सारखीच आहे. मी फोनवर फोटो काढायचे आणि फोटोत तिसरंच दिसायचं. बाई एकेका तुकड्यासमोर वाकून उभ्या राहत, पाठीवर पाऊस. "आणखी पंधरा दिवस," म्हणत. "पंधरा दिवसांत फरक पडला तर पडला." गोंधळाचा रकाना त्या महिन्यात समासात गेला.

गणपतीला कॉलेज बंद. मी पाच दिवस देवरूखला गेले, बाई लेकीकडे नाशिकला. गौरी-गणपती पोहोचवून सहाव्या दिवशी मी परत आले, बाई आदल्या संध्याकाळी आलेल्या. दोघी गच्चीवर गेलो आणि दारातच थांबलो. चाळीसच्या चाळीस दगड लाल. खाणीतून आज काढल्यासारखे लाल.

माझ्या तोंडून पहिल्यांदा आनंदाची किंकाळीच फुटली. मग मी कोऱ्यांकडे बघितलं. लेपवाल्यांचं समजलं, पण कोरे कसे स्वच्छ झाले? बाईंनी एक लेपवाला उचलला, एक कोरा उचलला, दोन्ही उजेडात धरले, पाठीवरचे नंबर वाचले, पुन्हा धरले. "नंबर चुकले काय गो आपले?" नंबर बरोबर होते. दिवसभर आम्ही तर्क लढवत बसलो. पावसाने लेपातले कण धुऊन शेजारच्या कोऱ्यावर नेले असतील? वाऱ्याने? मी तर म्हटलं, बाई, हा शोध असेल, आपला लेप शेजाऱ्यालाही स्वच्छ करतो! बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहायला सांगितलं: "कोरेही स्वच्छ."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गच्चीवर होते. अकरा नंबरच्या तुकड्याला एक बारीक भोक होतं, जांभ्याला असतातच तशी. त्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. नखाने ओढलं तर बोटभर लांब, तपकिरी, ताठ धागा. काथ्याचा. आता काथ्या म्हणजे कोण, हे कळायला एम.एस्सी. व्हावं लागत नाही. आमच्याकडे गणपती यायच्या आधी घरातला एक कोपरा काळा राहू देत नाहीत, आणि वनिताताईंना प्रयोगशाळा घरच होती. पाटी त्यांनीही वाचली असणार. पण "हात लावू नये" ही पाटी लोकांसाठी असते, घरच्यांसाठी नसते, असंच त्यांनी धरलं असणार.

मी तो धागा पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि खाली गेले. बाईंना सांगितलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. सांगितलं असतं तर पूर्ण पावसाळा फुकट, समिती परत, आणि माझी नोंदणी बुडाली. नाही सांगितलं तर समितीला लाल दगड दिसतील, आणि लाल दगड बघायलाच तर ते येणार. वनिताताईंची मला दया आली होती, असंही म्हणता येईल. पण ते खरं नाही. मी माझाच विचार केला.

समितीचे दोघे मुंबईहून आले. मोठे साहेब गच्चीवर गेले आणि बघतच राहिले. "मॅडम, हे तर एक्सलंट आहे! आणि तेही पावसाळ्यात?" त्यांनी फोन काढला. "हे लेपवाले तेवढे पुढे घ्या, फोटो काढू." मी वीस लेपवाले पुढे सरकवायला वाकलेसुद्धा. बाईंनी आभाळाकडे बघितलं. आभाळ गच्च भरलेलं होतं.

"नको गो," त्या मला म्हणाल्या. मग साहेबांना, "कोरे पण घ्या फोटोत. ते पण तेवढेच लाल आहेत. म्हणजे ही सफाई लेपाची आहे असं मला म्हणता येणार नाही. सुट्टीत पाच दिवस मी मांडणीजवळ कोणाला नेमलं नाही. चूक माझी आहे, अहवालात तशीच लिहा."

"पण मग झालं काय नक्की? कोणी हात लावला का?"

तेवढ्यात वनिताताई चहाचा ट्रे घेऊन गच्चीच्या दारात आल्या. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी त्यांनी नवी साडी नेसलेली. लाल दगडांकडे आणि पाहुण्यांकडे त्या अशा बघत होत्या, जणू घरचं कार्य नीट पार पडतंय. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"चहा घ्या आधी," बाई म्हणाल्या. "वनिता, साहेबांना बिनसाखरेचा दे."

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. मी आठवडाभर बाईंशी धड बोलले नाही. मनात म्हणायचे, काय हा भाबडेपणा! इतकी वर्षं विज्ञान शिकवलं आणि समोरचा काथ्या दिसला नाही. आणि न समजलेली गोष्ट समितीपुढे मांडायची गरजच काय होती? मला राग नक्की कसला आला होता, तेही मला सांगता येत नव्हतं. बाई मात्र तशाच. एकेक तुकडा गच्चीवरून खाली आणून कागदात गुंडाळत होत्या. वनिताताईंचं आणि त्यांचं बोलणं पूर्वीसारखंच, वरीच्या तांदळाचं, सासूच्या गुडघ्यांचं.

दिवाळीनंतर मला पुण्यात एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम मिळालं. शिफारसपत्र बाईंनीच दिलं. त्यात माझं नाव बरोबर होतं, मी दोनदा तपासलं. निघायच्या दिवशी पाया पडले तर त्यांनी माझ्या डोक्यावरून पुढे, खिडकीकडे बघितलं. "पुण्यात ऊन भरपूर," म्हणाल्या. "तिथे लेप लाडावतात. तू लाडावू नकोस." आणि मग, "ढगातलं काम राहिलं गो आपलं." त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. पर्समध्ये तो धागा होता. मी "येते बाई" म्हटलं आणि निघाले.

त्यानंतर फोन व्हायचे, सणावारी. "देवरूख बोलतेय का?" पुण्यात बसून मी हो म्हणायचे. गेल्या वर्षी फोन आला तो त्यांच्या लेकीचा. बाई झोपेतच गेल्या होत्या. पुढे महिन्याभराने तिचा पुन्हा फोन. म्हणाली, "आईने एका वहीवर चिठ्ठी लावून ठेवलीन, 'देवरूखला द्यावी.' मी दोन आठवडे देवरूखच्या कॉलेजात फोन करत होते. त्यांना काही अर्थबोध होईना, मला होईना. मग वनिताताई म्हणाल्या, देवरूख म्हणजे गाव नाय, ती पोरगी." 

वही कुरिअरने आली. मी उभ्या उभ्याच त्या सप्टेंबरचं पान काढलं. "कोरेही स्वच्छ," हे माझं अक्षर. त्याच्या पुढे, गोंधळाच्या रकान्यात, चिकटपट्टीखाली बोटभर लांब काथ्याचा धागा. माझा नव्हे, माझा माझ्याकडेच होता. दुसऱ्याच कुठल्या तरी तुकड्यातला. खाली बाईंच्या बारीक अक्षरात: "काथ्या. वनिता. हौसेने केलंन. तिला बोलायचं नाही, देवरूखलाही नाही. वनिताला कळलं तर पुन्हा दगडाला काय, कशालाच हात लावायची नाही." तारीख समिती यायच्या चार दिवस आधीची.

मी खाली बसले. आम्ही दोघींनी एकच गोष्ट लपवली होती, शेजारी शेजारी बसून. मी स्वतःला वाचवायला आणि त्यांनी वनिताताईंना. आणि मग त्या एकट्या उठून समितीला सांगून आल्या की चूक माझी आहे. मी त्यांना भाबडं म्हटलं होतं. रडू आलं, ते थांबेना.

डोळे पुसून शेवटचं पान उघडलं. निवृत्तीनंतरची नोंद: "घराची मागची भिंत. मधला चौकोन, दोन हात बाय दोन हात. नवा लेप लावला. बाकी भिंत कोरी. तीन पावसाळे हात लावायचा नाही." शेजारी गोंधळाचा रकाना रिकामा. मी बोटांवर मोजलं. येणारा पावसाळा तिसरा होता.

यंदा गणपती पोहोचवले आणि देवरूखहून थेट रत्नागिरीला गेले. बाईंच्या फाटकाशी पोहोचले तर आतून पाण्याचा आवाज. वनिताताई. केस पांढरे झालेले, पण हातात तीच मूठ. "या, या! चावी माझ्याकडे ठेवलीन बायच्या लेकीनं." मी धावतच मागे गेले. मागची भिंत लाल होती. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सगळी लाल. चौकोन कुठून सुरू होतो ते शोधायलासुद्धा मला वेळ लागला.

"ताई, ही भिंत..."

"गणपतीच्या आधी घासली. बाय होत्या तवा घासूक देत नव्हत्या. आता घर काळा बगवत नाय वो." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, "पन तो मधला चौकोन नाय घासला हां! बायनी सांगितलंन हुतं, वनिता, तेवढ्याला हात लावायचा नाय. गनपतीची शप्पथ, बोट नाय लावला. तो आपला आपनच तसा हाय."

मी चौकोनावर हात ठेवला. गुळगुळीत, ओलसर, कुठे पीठ सुटत नव्हतं. वर आभाळ भरलेलं. तीन पावसाळे. बाईंचा लेप ढगातून उठला होता. आणि हे कोणाला दाखवणार, कशाशी ताडून दाखवणार? कोरी भिंत तर काथ्याने धुऊन निघालेली. पुरावा म्हणून माझ्याकडे वनिताताईंचा शब्द होता, आणि तो मला पुरेसा वाटत होता. बाईंना पुरेसा वाटला असता का, ते मला सांगता येत नाही.

वनिताताई मूठ पिळत माझ्याकडे बघत होत्या. "मागं कालेजातले तुमचे दगड पन मीच घासलेले, तुमाला म्हाईत हाय? पावने येनार आनि दगड ह्ये असले काळे! बाय काय बोलल्या नायत कदी. आवडला असंल ना त्यांना?"

मी खिडकी शोधली. तिथे नुसती भिंत होती, म्हणून आभाळाकडे बघितलं.

"आवडलं ताई," मी म्हटलं. "फार आवडलं होतं त्यांना."

गाडीत बसल्यावर वही काढली आणि शेवटच्या नोंदीपुढचा रिकामा रकाना भरला: "चौकोन स्वच्छ. बाकी भिंतही स्वच्छ. कारण माहीत आहे. वनिताताईंना बोलायचं नाही." खाली सही करायला गेले आणि सवयीने 'देवरूख' लिहिलं.